विचारा तर खरं : ‘ताई, इंडियाना जिंकायला लागली कशी?’

एरवी या सदरात व्हिसा, भाड्याचं घर, मुलांची शाळा असे प्रश्न येतात. या वेळच्या टपालात ब्लूमिंग्टनच्या फुटबॉलने बरीच जागा अडवली आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मी इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकले, नोकरीही याच गावात लागली. मेमोरियल स्टेडियमची सीझन तिकिटं आमच्या घरी पडत्या वर्षांतही कधी चुकली नाहीत. तेव्हा २०२४ च्या मोसमाबद्दल कुणी विचारलं की मी हातचं राखून उत्तर देऊ शकत नाही. फुटबॉल म्हणजे अर्थातच इथला, अमेरिकन फुटबॉल.

ताई, माझी मुलगी ऑगस्टमध्ये इंडियानात दाखल झाली. सगळ्यांनी सांगितलं होतं, हे बास्केटबॉलचं गाव. पण ही दर शनिवारी फुटबॉलला! थँक्सगिव्हिंगला घरी आली ती राज्यातल्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याचा, पर्ड्यूचा सामना आहे म्हणून शनिवारी सकाळीच परत गेली. एवढं झालं तरी काय?
— एक आई, नेपरव्हिल

सांगणाऱ्यांनी खोटं सांगितलं नाही. असेंब्ली हॉलमध्ये बास्केटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदांचे पाच झेंडे आहेत, १९४०, १९५३, १९७६, १९८१ आणि १९८७ चे. त्याच रस्त्यावर शेजारी फुटबॉलचं स्टेडियम आहे आणि तिथला इतिहास अगदी उलट. २०२४ चा मोसम सुरू झाला तेव्हा देशातल्या मोठ्या कॉलेज-संघांमध्ये सर्वाधिक पराभव इंडियानाच्या खात्यावर होते. तोवर एका मोसमात सर्वाधिक विजय किती, तर नऊ. तेही १९४५ मध्ये आणि नंतर १९६७ मध्ये. १९६७ च्या संघाला रोझ बोल, म्हणजे मोसमाअखेरचा मानाचा सामना, मिळाला, १ जानेवारी १९६८ ला दक्षिण कॅलिफोर्नियाकडून १४-३ ने हरला, आणि पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं गावातले म्हातारे त्या एका मोसमाच्याच गोष्टी सांगत राहिले.

२०२३ मध्ये संघ ३ जिंकला, ९ हरला. नोव्हेंबरच्या शेवटी मुख्य प्रशिक्षक टॉम ॲलन यांना काढलं. ॲलन माणूस म्हणून फार लोभस होते, २०२० मध्ये ६-२ असा सुंदर मोसमही त्यांनी दिला. पण त्यानंतरच्या तीन वर्षांत २-१०, ४-८, ३-९. लगेच कर्ट सिग्नेटी आले, वय ६२, व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतून. आल्याआल्या असेंब्ली हॉलमध्ये बास्केटबॉलच्या सामन्यात माइक हाती घेऊन त्यांनी पर्ड्यूला नावं ठेवली आणि त्याच दमात मिशिगन आणि ओहायो स्टेटलाही. महिनाभरात पत्रकारांनी विचारलं, तुमचं म्हणणं खेळाडूंना कसं पटवता? ते म्हणाले, “मी जिंकतो. गूगल करून बघा.”

त्या दिवशी माझ्या ऑफिसात लोक हसले होते. मी घरी येऊन खरंच बघितलं. मुख्य प्रशिक्षक म्हणून या माणसाचा एकही मोसम तोट्यात गेलेला नव्हता.

पुढचं तुमच्या मुलीने डोळ्यांनी पाहिलंय. सलग दहा विजय. पॅसाडेनात रोझ बोलच्याच मैदानावर यूसीएलएवर ४२-१३. नेब्रास्कावर ५६-७. आदल्याच मोसमात राष्ट्रीय विजेता ठरलेल्या मिशिगनवर २०-१५. नियमित मोसम ११-१, आणि राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या, पहिल्यांदाच बारा संघांच्या झालेल्या प्लेऑफमध्ये प्रवेश. ऑक्टोबर संपता संपता तिकिटं मिळेनाशी झाली. याआधी कितीतरी शनिवारी असं व्हायचं की विद्यार्थी बाहेर हिरवळीवर टेलगेटमध्येच, म्हणजे गाड्यांजवळच्या खाण्यापिण्यातच, रमायचे आणि मधल्या सुट्टीनंतर आतले बाक ओस पडायचे. तुमच्या मुलीने तिच्या पहिल्याच वर्षी जे पाहिलं ते इथून शिकून गेलेल्या हजारो लोकांना चार वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. तिला थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी अडवलं नाहीत, फार चांगलं केलंत.

मी तरुणपणी कबड्डीचा संघ चालवायचो, इथे आता मुलांचा व्हॉलीबॉलचा संघ बघतो. मला यातलं गणित कळत नाही. तेच मैदान, तोच गणवेश, तेच विद्यापीठ. आणि एक माणूस येऊन तीन विजयांचे अकरा करतो? काय, भाषणं करतो? शिस्त लावतो? आम्हालाही सांगा.
— एक काका, एडिसन

काका, मैदान आणि गणवेश तोच होता, खेळणारे तेच नव्हते. तिथूनच सुरुवात करते.

कॉलेज फुटबॉलमध्ये आता ट्रान्सफर पोर्टल आहे. खेळाडू त्यात नाव टाकतो आणि दुसऱ्या विद्यापीठात जातो. पूर्वी विद्यापीठ बदललं की एक वर्ष बाकावर बसावं लागायचं, ती अट २०२१ मध्ये सैल झाली आणि २०२४ च्या वसंतात जवळपास उरलीच नाही. शिवाय जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येतात. म्हणजे नव्या प्रशिक्षकाला आता शाळकरी पोरं आणून चार वर्षं वाट बघायची गरज राहिलेली नाही.

पण पोर्टल सगळ्यांनाच खुलं आहे. मग सगळेच का नाही जिंकत? इथे सिग्नेटींचं वेगळेपण आहे. त्यांचं एक वाक्य ब्लूमिंग्टनमध्ये आता सगळ्यांना पाठ आहे : अंगात काय दडलंय त्यापेक्षा मैदानावर काय करून दाखवलंय ते महत्त्वाचं. मोठे संघ पोर्टलमध्ये उंची, वजन, वेग आणि हायस्कूलमध्ये मिळालेले मानांकनाचे तारे बघतात. सिग्नेटी बघतात की गेल्या वर्षी हा किती सामने खेळला आणि त्यात त्याने काय केलं. जेम्स मॅडिसनमधून त्यांच्यामागे तेरा खेळाडू आले. ते विद्यापीठ २०२२ मध्येच वरच्या गटात चढलेलं, आणि २०२३ मध्ये नियमित मोसमात ११-१. त्या पोरांना बड्या विद्यापीठांनी एकेकाळी विचारलंही नव्हतं.

त्यातला एक मी तुम्हाला जवळून दाखवते. डीअँजेलो पाँड्स, कॉर्नरबॅक. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पकडणाऱ्या खेळाडूला सावलीसारखा चिकटून राहणारा. उंची पाच फूट नऊ इंच, त्या जागेसाठी फारच कमी. समोर सहा फूट तीन इंचांचे लोक येतात. ऑक्टोबरच्या २६ तारखेला वॉशिंग्टनविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये तो आपल्या माणसापासून जरासा मागे राहिला. मागे पडला म्हणून नव्हे, तर त्याची नजर चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या खांद्यावर होती. चेंडू हातातून सुटण्याच्या आतच तो पुढे निघालेला. मध्येच चेंडू उचलला आणि ६७ यार्ड पळत जाऊन टचडाऊन, म्हणजे चेंडू थेट गोलरेषेपार. आमच्या बाजूचे लोक उभे राहिले तेव्हा तो अर्ध्या मैदानापलीकडे गेला होता. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय उचलायच्या आधी त्याचा इरादा ओळखणारा कोपऱ्यातला पकडवीर तुम्ही पाहिला असेल. तीच जात. उंची मोजायच्या पट्टीवर हे दिसत नाही, प्रत्यक्ष सामन्यांत दिसतं. त्या दिवशी त्याने आणखी एक चेंडू अडवला.

तसाच बचावाच्या मधल्या फळीतला लाइनबॅकर एडन फिशर, संघात सर्वाधिक टॅकल करणारा, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला पाडणारा. तसाच मिकेल कमारा, ज्याने समोरच्या क्वार्टरबॅकला मोसमात दहा वेळा पाडलं. पकडणाऱ्यांत एलायजा सॅरॅट. सगळे जेम्स मॅडिसनचे. बचाव सांभाळणारे ब्रायंट हेन्स आणि आक्रमण सांभाळणारे माइक शॅनहन हे प्रशिक्षकही सिग्नेटींसोबत अनेक वर्षं असलेले, तेही बरोबर आले. याचा एक मोठा फायदा असा, की बचावाची हाक काय, कुणी कुठे सरकायचं, सरावात चुकलं तर काय ऐकायला मिळतं, हे तेरा पोरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाकीच्यांना प्रशिक्षकाने समजावण्याआधी शेजारी उभा असलेला खेळाडूच समजावत होता. पहिल्या वर्षी नवा प्रशिक्षक नेहमी इथेच अडतो. त्याला स्वतःची पद्धत शिकवण्यातच अर्धा मोसम जातो.

भाषणांचं म्हणाल तर मला काही फारसं दिसलं नाही. मैदानाच्या कडेला हा माणूस संघ ४० गुणांनी पुढे असतानाही कपाळाला आठ्या घालून उभा असतो. टीव्हीवाल्यांनी त्या चेहऱ्याची चित्रं गाजवली, पण मला त्यात मतलब दिसतो. २ नोव्हेंबरला मिशिगन स्टेटमध्ये पहिल्या क्वार्टरमध्ये इंडियाना ०-१० मागे होती. आठ सामने झाले होते आणि संघ मोसमात पहिल्यांदाच मागे पडला होता. मी घरी टीव्हीसमोर बसून जुन्या सवयीने पोटात गोळा आणून घेतला. कॅमेरा सिग्नेटींवर गेला तर चेहरा तोच, जो नेब्रास्काविरुद्ध ५६-७ असताना होता. तिथून पुढे इंडियानाने सलग ४७ गुण केले. जुना इंडियाना संघ हरायचा तो बहुतेक वेळा चौथ्या क्वार्टरमध्ये, जिंकत आणलेला सामना सोडून देऊन. गावातल्या लोकांनी त्या प्रकाराला आपलं नशीबच मानलं होतं. नव्या माणसाला ते नशीब माहीत नव्हतं आणि मान्यही नव्हतं.

आणखी एक, काका, कारण तुम्ही स्वतः मुलांना शिकवता. सिग्नेटी अलाबामात नामवंत प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली होते, २००९ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी तिथे पाहिलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती मानाची नोकरी सोडून २०११ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या विद्यापीठात, कमी पगारावर, मुख्य प्रशिक्षक झाले. दुसऱ्या गटातला संघ, लहान मैदान. पण त्यांचे वडील फ्रँक सिग्नेटी यांनी तिथेच वर्षानुवर्षं संघ घडवला होता. तिथून ईलॉन, तिथून जेम्स मॅडिसन, तिथून ब्लूमिंग्टन. तेव्हा “एका वर्षात” म्हणताना मागची तेरा वर्षं मोजायला हवीत. त्यांनी पद्धत इथे येऊन बनवली नाही, तयार असलेली आणली.

आम्ही नवरा-बायको दोघं पर्ड्यूचे. तुमच्याकडून ६६-० ने हरलो, ते पोटात ठेवून विचारतो : एवढं कौतुक कशाचं? वेळापत्रक बघा. अर्ध्याहून जास्त संघ कमकुवत. जे दोन खरे तगडे संघ भेटले, त्या दोघांनी आपटलं. आणि बकेटच्या, म्हणजे आपल्या दोघांच्या चषकाच्या, त्या सामन्यात निकाल लागल्यावर तरी थांबायचं होतं.
— वेस्ट लाफिएटचे दोघे

तुमच्या पत्रातला पहिला मुद्दा बरोबर आहे आणि आमच्या गावात तो कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मीच बोलते. इंडियानाने हरवलेल्या अकरा संघांपैकी मोसमाअखेर हरण्यापेक्षा जास्त जिंकलेले संघ दोनच, मिशिगन आणि नेब्रास्का. वॉशिंग्टन काठावर. बाकी सगळे खाली. वेस्टर्न इलिनॉयवरच्या ७७-३ विजयाने मला तर फारसा आनंदही झाला नाही.

पण इंडियानाचा इतिहास माहीत असलेल्याने हे असं झटकून टाकू नये. कमकुवत संघांना हरवणं आम्हाला कधी जमलं होतं? आमच्या संघाचे मोसम ओहायो स्टेटकडून हरल्यामुळे बिघडले नाहीत. मेरिलंड, नॉर्थवेस्टर्न, आणि हो, पर्ड्यू, जिथे जिंकायलाच हवं तिथे हरल्यामुळे बिघडले. २०२४ मध्ये मेरिलंड ४२-२८, नॉर्थवेस्टर्न ४१-२४. जिंकायचे ते सगळे सामने जिंकले, आणि मिशिगनचा सामना सोडला तर एकही दोन टचडाऊनच्या आत आला नाही. वेळापत्रक कुणाही संघाला हातात मिळतं. त्यातून जे मिळवायचं ते सगळं या पोरांनी मिळवलं.

मिशिगनचा सामना वेगळा होता. मध्यंतराला १७-३, आणि नंतर आमचं आक्रमण जागच्या जागी थिजलं. मिशिगनने चौथ्या क्वार्टरमध्ये १७-१५ पर्यंत आणलं आणि बरोबरीसाठी दोन गुणांचा प्रयत्न केला. आमच्या बाकांवर कुणी बोलत नव्हतं. जुन्या काळचा संघ असता तर मला पुढचं सगळं आधीच सांगता आलं असतं. तो प्रयत्न बचावाने हाणून पाडला, मग इंडियानाने एक फील्ड गोल, म्हणजे लाथेने मिळणारे तीन गुण, कमावला, आणि मिशिगनची शेवटची धडपडही अडवली. माझ्या पुढच्या रांगेतले सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, १९६७ चा संघ पाहिलेले, सामना संपल्यावर कितीतरी वेळ खाली बसूनच राहिले. मोसमातला दहावा विजय होता तो. इंडियानाच्या इतिहासातला पहिलाच दहावा विजय.

आता तगडे संघ. २३ नोव्हेंबरला कोलंबसमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध सुरुवात आमची झाली, ७-०. मग पंटरच्या, म्हणजे चेंडू लांब लाथाडणाऱ्याच्या, हातून चेंडू निसटला, मग केलेब डाउन्सने पंट पकडून ७९ यार्ड पळत टचडाऊन केला, आणि आमच्या क्वार्टरबॅकला त्यांच्या पुढच्या फळीने श्वास घेऊ दिला नाही. ३८-१५. तिथे स्पेशल टीम्स, म्हणजे लाथेच्या चाली खेळणारे, हरल्या आणि पुढच्या फळीची लाइन हरली, हे स्वच्छ दिसत होतं. २० डिसेंबरला प्लेऑफमध्ये साउथ बेंडला नोत्र दाम २७-१७. तो आकडा फसवा आहे, शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही दोन टचडाऊन केले म्हणून जवळचा दिसतो. पहिल्या क्वार्टरमध्ये आम्ही त्यांच्या गोलरेषेजवळ जाऊन चेंडू गमावला आणि पुढच्याच चालीवर जेरेमाया लव्ह ९८ यार्ड पळाला, तिथेच तो सामना त्यांच्या बाजूला गेला. पुढे १७ गुणांनी मागे असताना चौथ्या डाऊनवर, म्हणजे शेवटच्या संधीला, सिग्नेटींनी पंट करून चेंडू समोरच्यांना दिला, तो निर्णय मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. एरवी धाडसी असलेला माणूस त्या रात्री सावध खेळला.

पण त्या दोघांनी पुढे काय केलं ते तुमच्या पत्रात नाही. २० जानेवारी २०२५ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात समोरासमोर उभे होते ते हेच दोन संघ. ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ हरवलं. इंडियाना संपूर्ण मोसमात देशातल्या पहिल्या आणि दुसऱ्या संघांकडून हरली, तिसऱ्या कुणाकडूनही नाही.

राहिलं ६६-०. ओक लाकडाची जुनी बकेट १९२५ पासून या दोन विद्यापीठांत फिरते आहे आणि एवढ्या मोठ्या फरकाने ती कधीच कुणी जिंकली नव्हती. तुम्ही त्या रात्री सामना पूर्ण पाहिलात का ते लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. त्या पोरांपैकी काहींनी आधीच्या वर्षांत पर्ड्यूकडून हार खाल्लेली होती, आणि त्यांना कुणी थांब म्हटलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. तुमचा मोसम १-११ संपला आणि प्रशिक्षकही गेले, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. बकेटचा सामना दोन्ही संघ चांगले असतानाच खरा रंगतो.

माझा मुलगा हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक आहे. इंडियानाचा क्वार्टरबॅक कर्टिस रोर्क गुडघ्याच्या फाटलेल्या लिगामेंटसह २०२४ चा मोसम खेळला, हे जानेवारी २०२५ मध्ये बाहेर आलं. तेव्हापासून पोरगा म्हणतो, दुखलं तरी खेळायचं. काय सांगू त्याला?
— एक बाबा, फोर्ट वेन

रोर्क माझा अतिशय आवडता खेळाडू, म्हणून काळजीपूर्वक लिहिते. तो कॅनडातल्या ओंटारियोचा, ओहायो युनिव्हर्सिटीतून सहाव्या वर्षासाठी इथे आला. ते कोलंबसचं ओहायो स्टेट नव्हे, अथेन्स गावातलं लहान विद्यापीठ. इथे त्याने २९ टचडाऊन फेकले, चेंडू चुकीच्या हाती फक्त ५ वेळा दिला. ऑक्टोबरमध्ये नेब्रास्काविरुद्ध त्याच्या फेकणाऱ्या हाताचा अंगठा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. पुढचा वॉशिंग्टनचा सामना टेव्हन जॅक्सन खेळला, ३१-१७ जिंकला, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी रोर्क परत उभा. गुडघ्याचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ऑगस्टच्या सरावात एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं ते लिगामेंट, फाटलं होतं, आणि तोच प्रकार त्याला २०२२ मध्येही एकदा भोगावा लागला होता.

तुमच्या मुलाला सांगा की रोर्क तेव्हा चोवीस वर्षांचा होता, त्याचं ते कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, आणि गुडघा आधी एकदा बरा करून झाल्यामुळे त्यातलं काय होऊ शकतं हे त्याला पुरतं ठाऊक होतं. बरोबर एका बड्या विद्यापीठाचं वैद्यकीय पथक रोज होतं. इतकं सगळं असूनही त्याने पत्करलेला धोका मोठाच होता. शाळेतल्या मुलाच्या गुडघ्याची वाढही पूर्ण झालेली नसते. त्याने दुखलं की त्याच मिनिटाला ट्रेनरला सांगायचं, आणि डॉक्टर नाही म्हणाले की नाही. यात मी तुमच्या घरचं कुणीही असते तरी हेच सांगितलं असतं.

रोर्ककडून शिकायचंच असेल तर दुसरी गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्याचे सामने परत लावा आणि चेंडू हातात आल्यावर तो किती लवकर सोडतो ते मुलाबरोबर बसून बघा. पाय साथ देत नसताना त्याने डोक्याने वेळ वाचवला. ते तुमच्या मुलाला आजपासून करता येईल आणि त्यात काही फाटणार नाही.

मी नातवाकडे सहा महिन्यांसाठी आलोय, ऑगस्टअखेर इथेच असेन. नातू म्हणतो, आजोबा, सामन्याला चला. खेळ मुळीच कळत नाही. जाऊ का?
— एक आजोबा, इंडियानापोलिस

जरूर जा, आजोबा. खेळ सोप्यात सोपा असा : चेंडू ज्यांच्याकडे त्यांना चार संधी, त्यात दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की पुन्हा चार संधी. नाही सरकले तर चेंडू समोरच्यांचा. चौथ्या संधीला ते बहुतेक वेळा चेंडू लांब लाथाडतात, त्यालाच पंट म्हणतात. एवढं घेऊन बसा, बाकी नातू सांगेल. १५-१५ मिनिटांचे चार क्वार्टर म्हणतात खरं, पण घड्याळ सारखं थांबतं, साडेतीन तास धरून चला. औषधं, डोक्याला टोपी, पायात सवयीचे जोडे. पिशवी पारदर्शक लागते, नाहीतर दारातून परत पाठवतात. बहुतेक बाकांना पाठ नसते, तेवढी तयारी ठेवा.

लवकर पोहोचा आणि मैदानाच्या उत्तर टोकाकडे बघा. तिथे चुनखडीचा एक मोठा दगड आहे. टेरी हेपनर नावाचे प्रशिक्षक २००५ मध्ये इथे आले तेव्हा सरावाच्या मैदानात पडलेला हा दगड त्यांनी उचलवून तिथे बसवला. खेळाडू मैदानात उतरताना त्याला हात लावतात. हेपनर २००७ च्या जूनमध्ये मेंदूच्या कर्करोगाने गेले, मोसम सुरू होण्याआधी. त्यांचं स्वप्न होतं की संघाने बारा सामन्यांनंतर तेरावा सामना, म्हणजे बोल, खेळावा. त्या वर्षी पोरांनी तो मिळवला. आता तिथून धावत जाणाऱ्या खेळाडूंपैकी कितीजणांना हेपनर माहीत असतील कोण जाणे, पण हात सगळे लावतात. मला तो क्षण चुकवायला आवडत नाही.

तुम्ही नातवासमोर मिरवायला काही हवं असेल तर हे लक्षात ठेवा : सिग्नेटी कुठे जाणार नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्येच विद्यापीठाने त्यांच्याशी नवा आठ वर्षांचा करार केला, वर्षाला सरासरी ८० लाख डॉलर आणि त्यावर टिकून राहण्याचा बोनस. रोर्क मात्र गेला, त्याचं कॉलेज संपलं. त्याच्या जागी २०२५ च्या मोसमासाठी बर्कलीहून फर्नांडो मेंडोझा नावाचा क्वार्टरबॅक आला. पाँड्स, फिशर, सॅरॅट आणि कमारा त्या मोसमात परत आले. त्या मोसमाचा पहिला सामना ३० ऑगस्ट २०२५ ला, ओल्ड डोमिनियनविरुद्ध, आपल्याच मैदानावर झाला. तिकिटं नातवाला आत्ताच घ्यायला सांगा, आणि उन्हाची बाजू टाळायची असेल तर पश्चिमेकडची.